दादा, नाडी लोंबतेय!

एक प्रयोग करून बघा. शुक्रवारची दुपार, लंच नुकताच झालाय, एक्सेल शीट सगळ्यांच्याच उघड्या आहेत आणि काम कुणीच करत नाहीये. अशा वेळी टीममधल्या मराठी मंडळींत हळूच एक नाव टाकायचं... दादा कोंडके! एकजण फिस्सकन हसतो. दुसरा आधी एचआरच्या केबिनकडे बघतो आणि मग हसतो. तिसरी 'ईऽऽ, काहीतरीच काय!' म्हणते आणि पाचच मिनिटांत दादांच्या गाण्यांची अंताक्षरी तीच सुरू करते.

आता दुसरा प्रश्न टाका. यातल्या किती जणांनी दादांचा एक तरी सिनेमा टायटल्सपासून 'समाप्त'पर्यंत सलग बघितलाय? इथे जरा शांतता पसरते. क्लिप बघितलेली असते, पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेलं असतं, सिनेमांची नावं तर तोंडपाठ असतात. आणि नाव घेतलं की जोक झालाच, सिनेमा बघायची गरज काय? नट, लेखक, गीतकार, दिग्दर्शक, निर्माता असा सगळ्या खात्यांचा कारभार सांभाळणारा माणूस. तीस वर्षांची कारकीर्द. आणि आपण तिचं काय केलं, तर चावट टायटल्सची यादी!

माझं म्हणणं साधं आहे. दादांचा विनोद कुठून आला आणि कसा चालायचा, हे एकदा नीट बघायला हवं. चालायचा तेव्हा भन्नाट चालायचा, आणि बंद पडला तेव्हा का बंद पडला, तेही बघायला हवं. कारण ती गोष्ट आपल्या ऑफिसच्या पत्त्यापासून फार लांब नाही.

तर, जन्म ८ ऑगस्ट १९३२. नाव कृष्णा. मुक्काम नायगाव, म्हणजे पक्कं गिरणगाव. गाव भोरजवळचं इंगवली. घरची माणसं गिरणीत. तेव्हाचं गिरणगाव म्हणजे नुसती चिमणी, भोंगा आणि चाळ नव्हे. घाटावरची माणसं तमाशा घेऊन आलेली, कोकणातली दशावतार आणि भजनाच्या डबलबाऱ्या घेऊन आलेली, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे, आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेखांचे आवाज याच वस्तीत घुमायचे. दहा बाय बाराच्या खोलीत करमणूक मावत नाही, म्हणून ती चौकात यायची. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला अ‍ॅक्टिंग स्कूलची फी कशाला भरायला लागतेय? कृष्णा सेवादलाच्या बँडमध्ये वाजवायचा, कलापथकात कामं करायचा आणि पोटासाठी 'अपना बाजार'मध्ये नोकरी करायचा. म्हणजे दिवसा किराणा, रात्री नाटक. आपल्यातलेही काही जण असंच करतात की, दिवसा कोडिंग, रात्री ओपन माइक.

आणि मग १९६५ मध्ये आलं 'विच्छा माझी पुरी करा'.

वसंत सबनिसांनी मुळात लिहिला होता 'छपरी पलंगाचा वग'. त्यातूनच हे लोकनाट्य उभं राहिलं. त्याची गोष्ट मी परवा एका मित्राला सांगितली, तर तो म्हणाला, 'अरे, हे तर आमच्याच डिपार्टमेंटचं आहे!' कोतवालाची जागा रिकामी होते. काम करून करून घासलेला हवालदार आशेवर असतो. आणि प्रधान काय करतो? आपला माणूस खुर्चीत आणून बसवतो. अप्रेझल सायकल म्हणजे दुसरं काय हो? पुढे मैनावती, राजाचा पलंग आणि जो काही गोंधळ होतो तो होतोच. दादा त्यात हवालदार.

पण गंमत गोष्टीत नव्हती, गोष्टीतल्या मोकळ्या जागांत होती. तमाशात बतावणी नावाचा प्रकार असतो. गण झाला, गवळण झाली, की सोंगाड्या येतो आणि बोलायला लागतो. काय बोलायचं हे निम्मं ठरलेलं, निम्मं समोर कोण बसलंय त्यावर. राजाला राजा म्हणायचं आणि त्याच वाक्यात त्याची टोपी उडवायची, हे सोंगाड्याचं कामच. सबनिसांनी पक्की चौकट दिली आणि दादांनी त्यात सकाळचा पेपर भरला. कोणता मंत्री काय बोलला, कशाचे भाव वाढले, कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला, सगळं रात्रीच्या प्रयोगात. स्टँड-अपवाले आज ज्याला क्राउड वर्क म्हणतात ते हा माणूस दीड हजारांच्या वर प्रयोगांत करत होता. तेही प्रत्येक रात्री नव्यानं! नेटफ्लिक्स स्पेशल एकदा शूट होतं. इथे कालचा जोक आज शिळा.

विनोद शिकायचा असेल तर मला वाटतं ही सगळ्यात कडक शाळा. कॅमेऱ्यासमोर लाफ्टर ट्रॅक टाकता येतो. रंगमंचावर, पहिल्या रांगेत कामाची पाळी संपवून आलेला माणूस हाताची घडी घालून बसलेला असताना, तुमचं टायमिंग एका श्वासानं जरी चुकलं तरी कळतं. दादांचं टायमिंग तिथं घडलं. पुढे सिनेमात ते एखादं वाक्य बोलून जे थांबतात ना, भोळा चेहरा करून, तोंड किंचित उघडं ठेवून, ते थांबणं या दीड हजार रात्रींचं आहे.

आशा भोसलेंनी हे लोकनाट्य बघितलं आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सांगितलं. १९६९ मध्ये भालजींचा 'तांबडी माती' आला आणि दादा पडद्यावर आले. तिथून दोन वर्षांत स्वतःची निर्मिती, 'सोंगाड्या'.

१९७१ सालचा 'सोंगाड्या' बघितला नसेल तर खरंच एकदा बघा. कथा पुन्हा वसंत सबनीस, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी. गावातला भाबडा नाम्या, त्याला धाकात ठेवणारी आई, आणि तमाशातली कलावती, म्हणजे उषा चव्हाण. नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि आई घराबाहेर काढते. बास, एवढीच गोष्ट. पण त्यातला नाम्या बघा. ढगळ हाफ पँट, बाहेर लोंबणारी नाडी, आणि जगात कुणाचंही वाईट चिंतायचं असतं हे ज्याला ठाऊकच नाही असा चेहरा. चॅप्लिनला टोपी आणि काठी, दादांना नाडी! दोघांचंही कपड्यांचं माप चुकलेलं, कारण दोघंही ज्या जगात वावरतात ते त्यांच्या मापाचं शिवलेलंच नाही. (चॅप्लिनशी तुलना केली म्हणून कुणी मेल पाठवू नये. मी मागे घेणार नाही.)

दादा तेव्हा अडतीस-एकोणचाळीसचे होते. एकोणचाळीस! आणि आईचा ओरडा खाणारं पोरगं वाटतात. याला म्हणतात अभिनय.

याच सिनेमाचा कोहिनूरचा किस्सा दादरकरांना पाठ आहे. दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या' लागायचा होता, पण मालकांचा कल झुकला देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'कडे. मराठी सिनेमाला मुंबईत स्क्रीन मिळत नाही, हे रडगाणं आजचं नाही, बघा. दादा गेले बाळासाहेब ठाकऱ्यांकडे, शिवसैनिक गेले थिएटरवर, आणि 'सोंगाड्या' लागला. नुसता लागला नाही, तुफान चालला. सेवादलाच्या बँडमधून निघालेला माणूस पुढे शिवसेनेच्या सभा गाजवू लागला त्याची मुळं इथं आहेत. त्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. मला मात्र तो प्रवास समजतो. ज्यानं दार उघडून दिलं त्याच्या घरी माणूस जातोच.

त्यानंतर रांगच लागली. 'एकटा जीव सदाशिव' १९७२, 'आंधळा मारतो डोळा' १९७३, 'पांडू हवालदार' १९७५, मग 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'... एकामागून एक सिल्व्हर ज्युबिली. सिल्व्हर ज्युबिली म्हणजे एका थिएटरात सलग पंचवीस आठवडे, बरं का. असे नऊ सिनेमे, आणि त्यासाठी दादांच्या नावामागे गिनेस बुकचा उल्लेख कायमचा चिकटलेला. आपल्याकडे दुसऱ्या शुक्रवारी सिनेमा टिकला तर सक्सेस पार्टी होते.

'पांडू हवालदार'पासून दादा दिग्दर्शकही झाले, आणि इथं त्यांची आणखी एक बाजू दिसते. माणसं ओळखण्याची. नायक स्वतः, दिग्दर्शक स्वतः, पैसा स्वतःचा. अशा सिनेमात दुसरा हवालदार म्हणून त्यांनी कोणाला घेतलं? अशोक सराफला! आणि त्याला नुसतं उभं केलं नाही, तर पांडूच्या साधेपणासमोर टिकेल असा बेरकी, चिरीमिरी खाणारा सखाराम हवालदार दिला. पुढे पद्मश्रीपर्यंत (२०२५) पोचलेल्या अशोकमामांना लोक खऱ्या अर्थानं ओळखू लागले ते इथून. आपला सीन दुसरा खाऊन जाईल ही भीती ज्यांना असते, ते असं करत नाहीत. तुमच्या बॉसच्या बाबतीत विचार करून बघा.

संगीतकारांचं तर आणखी मजेदार. सुरेंद्र आणि विजय पाटील या जोडीला दादांनी याच सिनेमात संधी दिली आणि नाव ठेवलं राम-लक्ष्मण. राम लवकरच गेले, पण विजय पाटलांनी जोडनाव सोडलं नाही, एकट्यानंच 'रामलक्ष्मण' म्हणून काम केलं. १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया', १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'. म्हणजे सलमानच्या कबुतराच्या गाण्यावर ज्यांनी कॉलेजात डोळे पुसले, त्यांनी थेट पांडू हवालदाराचे आभार मानावेत. आणि दादांचा आवाज? महेंद्र कपूर, मूळचे अमृतसरचे. अस्सल रांगड्या मराठी गड्याचा आवाज पंजाबी, आणि ऐकताना शंका म्हणून येत नाही. हा कान दादांचा.

आता येऊ त्या मुद्द्यावर, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. डबल मीनिंग!

दादांचा द्व्यर्थी विनोद जेव्हा जमतो तेव्हा त्याची रचना फार हुशार असते. वाक्याचे दोन अर्थ. पहिला, सरळ, धुतल्या तांदळासारखा. तो नाम्याच्या, पांडूच्या, गंगारामच्या हातात. दुसरा अर्थ पडद्यावर कुठेच नसतो. तो तुमच्या डोक्यात असतो. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही, आणि तुम्ही मात्र हसून बसलात. म्हणजे पकडलं कोण गेलं? तुम्ही! सेन्सॉरशी दादांची आयुष्यभर जी झटापट चालली तिचं मूळ हेच. कात्री कुठे लावणार? वाक्य तर साधं आहे, चावटपणा ऐकणाऱ्याचा आहे. गावच्या पाटलासमोर, इन्स्पेक्टरसमोर, शहरातल्या बाईसाहेबांसमोर हा अडाणी गडी काहीतरी निरागस बोलतो आणि सगळे सभ्य लोक कानापर्यंत लाल होतात. बतावणीतला सोंगाड्या राजाची टोपी उडवायचा, ती हीच टोपी, फक्त डोकं बदललं.

म्हणून या विनोदाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. भाबडेपणावर. माणसाला दुसरा अर्थ माहीत नसायला हवा. ज्या क्षणी तो डोळा मारतो, त्या क्षणी खेळ खलास.

आणि खरं सांगायचं तर, पुढेपुढे दादा डोळा मारायला लागले. १९८४ चा 'तेरे मेरे बीच में', १९८६ चा 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में', हिंदीतले हे सिनेमे बघताना मला सारखं वाटतं की टायटल आधी ठरलं आणि गोष्ट नंतर शोधली. १९९२ चा 'येऊ का घरात' आला तेव्हा दादा साठीला टेकलेले. साठीच्या माणसाला कशाचा पत्ताच नाही, हे कोण मानणार? मग उरतो नुसता दुसरा अर्थ. आधीच्या सिनेमांत उषा चव्हाण ठणकावून उत्तर द्यायची, फड तिचाही असायचा. नंतरच्यांत बायका बऱ्याचदा जोक आपटायच्या भिंतीपुरत्या उरल्या. चाहत्यांनी हे लपवू नये. मी ते सिनेमे आवडीनं बघत नाही, आणि कुणी मैत्रीण उठून गेली तर तिला थांबवणारही नाही.

पण दादांना 'आमच्या घरी चालत नाही' म्हणणाऱ्यांनी शेवटचे सिनेमे बघून हा निर्णय घेतलेला नव्हता. त्यांचा निर्णय आधीच झालेला होता. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण आमच्याच घरात झाला होता.

माझे आजोबा काळाचौकीला राहायचे, गिरणीत साचेखात्यात होते. बाबा त्याच चाळीत वाढले. गणपतीत चौकात पडदा लागायचा आणि दादांचा सिनेमा असला की जिन्यावर बसायलाही जागा नसायची, बायका-पोरांसकट. मग बाबांना बँकेत नोकरी लागली, आई पुण्याची मिळाली, डोंबिवलीला ब्लॉक घेतला. सेल्फ-कंटेन्ड! चाळीतून ब्लॉकमध्ये येताना काही वस्तू बरोबर आल्या, काही तिथंच राहिल्या. दादा तिथंच राहिले. टीव्हीवर त्यांचा सिनेमा लागला की बाबा रिमोट उचलायचे आणि बातम्या लावायचे. रागानं नाही. शेजारी ऐकतील म्हणून. भिंती पातळ होत्या आणि शेजारी नवे होते. चॅनेल बदलण्याआधी अर्धा सेकंद त्यांचा हात थांबायचा, हे मात्र मला लहानपणीही दिसायचं.

मला वाटतं, महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हेच झालं असणार. आधी पँटला इस्त्री आली, मग इंग्रजी मीडियम आलं, आणि नाडीवाला माणूस अडगळीत गेला. विनोद तोच असतो, पण तो कुठल्या कपड्यांत येतो यावर त्याला 'बोल्ड' म्हणायचं की 'चीप' ते ठरतं. आज लोअर परळच्या एखाद्या क्लबात पाचशे-सातशेचं तिकीट काढून आपण इंग्रजीत जे ऐकतो ते शब्दाशब्दाला उघड असतं, दुसऱ्या अर्थाची भानगडच नाही. तिथं आपण मोकळेपणानं टाळ्या देतो. बरोबर बॉस असला तरी.

आणि लोअर परळ म्हणजे तरी काय हो? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. माझे आजोबा त्यातलेच. त्याच वर्षी दादांचा 'आली अंगावर' आला होता. पाळी संपवून डबा हातात घेऊन तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा माणूस हळूहळू रांगेतून नाहीसा झाला. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी विरारला, कल्याणला. मराठी सिनेमाही सरकला. १९८५ ला 'धुमधडाका', १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी'. तिथले नायक शहरात भाड्याची खोली शोधतायत, पँट-शर्ट घालतात, नाडी आत. धमाल सिनेमे आहेत, प्रश्नच नाही, मीही पारायणं केलीत. पण तो प्रेक्षक वेगळा. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आली, आणि आपण आयडी कार्ड गळ्यात घालून नेमके तिथंच कामाला जायला लागलो.

दादा गेले १४ मार्च १९९८ ला. अनिता पाध्येंनी शब्दांकन केलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'एकटा जीव'. मिळालं तर वाचा, हसवणाऱ्या माणसाचं पुस्तक किती कमी हसवतं ते कळेल. त्यानंतर दादांची परतफेड आपण आपल्या पद्धतीनं करतोय. 'एकटा जीव सदाशिव'वरून २००० मध्ये गोविंदाचा 'जिस देश में गंगा रहता है' निघाला. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधलं ढगाच्या कळीचं गाणं २०१९ मध्ये 'ड्रीम गर्ल'साठी रिमिक्स झालं आणि अख्खा देश त्यावर नाचला. संगीतला, हळदीला, ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला, इकडे तिकडे चोहीकडे. नाचणाऱ्यांपैकी कितीकांना माहीत होतं की हे एका नायगावकराचं आहे, देव जाणे.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. पहिला 'सोंगाड्या'. मग 'पांडू हवालदार', तो अशोक सराफसाठीही. मग वाटलं तर 'राम राम गंगाराम'. टायटल्सची यादी बाजूला ठेवा, सिनेमा लावा आणि दादा वाक्य बोलून झाल्यावर काय करतात, तिकडे लक्ष द्या.

गेल्या गणपतीत आमच्याकडे सगळे जमले होते तेव्हा मी 'सोंगाड्या' लावला. आई आत मोदकांत. बाबा पेपर तोंडापुढे धरून बसलेले, जसं काही टीव्ही बंदच आहे. नाम्याची आई पडद्यावर आली आणि माझ्या मेव्हण्यानं विचारलं, ही कोण रे नटी?

'रत्नमाला,' पेपरमागून आवाज आला. 'आणि आवाज वाढव जरा.'